साठीनंतर सोबत शोधताना: वाचकांचे प्रश्न

सोलापूर शहर आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रं या वेळी घेतली आहेत. नावं गाळली आहेत. वारसा आणि लग्नाबद्दलची उत्तरं हिंदू विवाह आणि वारसा कायदे लागू असलेल्यांना धरून दिली आहेत.

प्रश्न : वय ६१, निवृत्त शिक्षिका. यजमान जाऊन सात वर्षं झाली, मुलगी पुण्याला असते. वस्तीतल्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवते. घरी आल्यावर बोलायला कुणीतरी हवं, असं वाटतं. पण विवाह मंडळात नाव घालायचं धाडस होत नाही. शिवाय लोक म्हणतील, समाजकार्य करता करता बाईंना हे काय सुचलं! (जुळे सोलापूर)

उत्तर : बाई, यात लाजण्यासारखं काहीही नाही. मंडळात नाव घालायचं नसेल तर घालू नका. तिथल्या यादीत वय, पेन्शन आणि फोटो कळतो. माणूस कळतो तो कामात. तुमची अडचण एवढीच आहे की तुमचा वर्ग तुम्ही एकट्या चालवता. तिथे सगळी मुलं, बरोबरीचं कुणी नाही.

आठवड्यातून एकदा, दोन तास, तीच दहा-पंधरा माणसं, त्यात बाया आणि पुरुष दोन्ही, आणि हातात काहीतरी काम, अशी जागा शोधा. वाचनालयातली पुस्तकांची डागडुजी आणि नोंदणी, ज्येष्ठ नागरिक संघाची आरोग्य समिती, सरकारी रुग्णालयात खेड्यातून आलेल्यांना केसपेपर काढून देणारा गट, नाहीतर झाडं लावून ती जगवणारा गट. सोलापूरच्या मे महिन्यात पहाटे साडेपाचला पाण्याचा कॅन घेऊन कोण येतं आणि फोटोपुरतं कोण येतं, हे फार लवकर उघडं पडतं. व्याख्यानमाला, कीर्तन, एक दिवसाचं शिबिर यांचा या कामी उपयोग होत नाही. सगळे व्यासपीठाकडे तोंड करून बसतात आणि संपलं की चपला शोधतात.

तीन-चार महिने नुसतं काम करा आणि बघा. हिशोब जुळला नाही की हा माणूस कुणावर ढकलतो? चहा आणणाऱ्या पोराशी कसा बोलतो? गेलेल्या बायकोविषयी कसा बोलतो? नुसती तक्रार करणारा आणि तिला देव्हाऱ्यात बसवणारा, दोघांबरोबर संसार जड जातो.

मुलीशी आत्ताच बोला, कुणी समोर नसताना. कुणी ठरल्यावर बोललात तर सगळी चर्चा त्या माणसाच्या उणिवांवर जाईल. आणि लोकांचं म्हणाल, तर कामातल्या एखाद्या जाणत्या मैत्रिणीला तुम्हीच आधी सांगून ठेवा. ज्याची बातमी आधीच सांगितलेली असते त्याची कुजबुज फार दिवस टिकत नाही.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला एकट्या राहणाऱ्यांसाठी परिचय मेळावा घ्यायचा आहे. किती लोक बोलवावेत, काय काळजी घ्यावी? (संघाचे सचिव, विजापूर रोड)

उत्तर : पहिल्या वेळी चाळीसच्या वर जाऊ नका, वीस बाया आणि वीस पुरुष. मेळावे फसतात ते बहुतेक या आकड्यावरच. पुरुषांचे अर्ज धडाधड येतात, बायकांचे येत नाहीत. मग पन्नास पुरुष आणि सहा बाया अशी सभा भरते आणि त्या सहाजणी पुन्हा कधी येत नाहीत. म्हणून आधी बायकांची नोंदणी करा आणि जितक्या बाया तितक्यावर पुरुषांचे अर्ज थांबवा. उरलेल्यांना पुढच्या वेळी.

बाया का येत नाहीत हेही समजून घ्या. फोटो व्हॉट्सॲपवर फिरेल ही भीती असते, संध्याकाळी परत जायची सोय नसते, सून-मुलाची परवानगी काढावी लागते. तेव्हा बायकांकडून शुल्क घेऊ नका, सोबत बहीण किंवा मैत्रीण आणू द्या, सभागृहात फोटो आणि चित्रीकरण बंद ठेवा, चौकशीचा फोन बाईकडे द्या. भजनी मंडळं आणि बचत गटांत जाऊन तोंडी सांगा. नोंदणीच्या टेबलावर तेलुगू आणि कन्नड बोलणारी एकेक स्वयंसेविका हवीच. पूर्व भागातल्या कितीतरी बायका मनातलं मराठीत सांगताना अडखळतात.

मेळावा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, गड्ड्याचे म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस टाळून घ्या. तेव्हा सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला रस्ते बंद आणि गर्दी असते. रविवारी सकाळी साडेदहा ते दीड ही वेळ चांगली. सभागृह तळमजल्यावरचं, स्वच्छतागृह जवळ. जेवण एक वाजता म्हणजे एकलाच. साखरेच्या गोळ्या घेणारे बरेच असतात.

अर्जासोबत आधार, जोडीदाराचा मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा आणि ओळखीच्या दोघांचे फोन घ्या. ‘पंधरा वर्षं वेगळे राहतो’ एवढ्यावर अर्ज घेऊ नका. घटस्फोट झालेला नसेल तर दुसरं लग्न कायद्यानं रद्दबातल आहे आणि गुन्हाही आहे. अर्जात घरात बोलायची भाषा, खाणं, कुठे राहायची तयारी आहे, आणि लग्न हवं, लग्नाविना एकत्र राहणं हवं की नुसती मैत्री, हे विचारा. सध्या कोणतं सामाजिक काम करता आणि ते पुढे चालू ठेवणार का, हा रकाना विसरू नका. जोडी जमेल की नाही, हे जातीच्या रकान्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

व्यासपीठावर एकेकाला बोलवून परिचय देऊ नका. पुरुष भाषण करतात आणि बाया नाव सांगून खाली बसतात. सहाजणांची गोल टेबलं मांडा, तीन बाया, तीन पुरुष. वीस मिनिटांनी घंटा झाली की पुरुषांनी पुढच्या टेबलावर जायचं. शेवटी प्रत्येकानं चिठ्ठीवर जास्तीत जास्त तीन नंबर लिहायचे. दोन्हीकडून नंबर जुळला तरच फोन द्या, तोही स्वयंसेविकेमार्फत. यादी छापून वाटू नका.

अर्ज पुष्कळदा मुलगाच भरतो. म्हणून प्रत्येक अर्जदाराशी पाच मिनिटं एकट्याशी बोला. ‘करून घालणारी, औषधपाणी बघणारी’ एवढंच मागणं असेल तर त्या घराला स्वयंपाकाला बाई आणि शुश्रूषेला माणूस हवंय. तसं स्पष्ट सांगा आणि अर्ज परत करा. कुणा बाईचं आयुष्य तिथे नोकरीत जायला नको. महिन्यानं आणि तीन महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळा फोन करा. कागद कुलपात ठेवा आणि वर्षानं नष्ट करा.

प्रश्न : वय ६७, रेल्वेतून निवृत्त, विधुर. ज्येष्ठ नागरिक संघाच्या आरोग्य शिबिरांत एक ताई माझ्याबरोबर काम करतात. त्यांना विचारावंसं वाटतं, पण नकार आला तर दोघांनाही संघात तोंड दाखवायला अवघड होईल. (रेल्वे लाइन्स)

उत्तर : एकदाच विचारा, स्पष्ट विचारा आणि नकाराला जागा ठेवून विचारा. सभेत किंवा शिबिरात नको, रात्री व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको, आणि तिसऱ्यामार्फतही नको. निरोप पोचेपर्यंत तो सगळ्या संघाचा होतो. सकाळच्या वेळी, माणसांची ये-जा असलेल्या ठिकाणी, सिद्धेश्वर तलावाकाठी किंवा हुतात्मा बागेत, ‘संघाच्या कामाव्यतिरिक्त थोडं बोलायचं आहे’ असं आधी सांगूनच बोलवा. मग इतकंच म्हणा : ‘तुमच्याशी ओळख वाढवावी असं मला वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर मी पुन्हा विषय काढणार नाही आणि कामात फरक पडू देणार नाही.’ उत्तर लगेच मागू नका. पंधरा दिवसांत त्या स्वतःहून काही बोलल्या नाहीत तर तो नकार समजा.

तुम्ही अध्यक्ष किंवा खजिनदार असाल आणि त्यांचं काम तुमच्या हाताखाली चालत असेल, तर आधी ते पद किंवा ती समिती सोडा. नाही म्हणायला त्यांना अडचण वाटता कामा नये. होकार आला तर दोन-तीन महिन्यांत कार्यकारिणीला दोघांनी मिळून सांगा.

पुढे लग्न झालं तर आपल्या विभागाच्या पेन्शन कार्यालयात लग्नाचा दाखला, पहिल्या पत्नीचा मृत्यू दाखला आणि दोघांचा एकत्र फोटो देऊन पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) नाव चढवून घ्या. निवृत्तीनंतर केलेल्या लग्नातल्या पत्नीलाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, पण नाव आधी चढलेलं नसेल तर मागाहून तिलाच हेलपाटे पडतात. वैद्यकीय कार्डाचंही त्याच वेळी करा.

प्रश्न : वय ५७, विड्या वळते. मालक मिलमध्ये होते, त्यांच्या मागे मला पीएफची पेन्शन येते. आमच्या वस्तीतल्या पाण्याच्या कामात धावपळ करणारे एक गृहस्थ आहेत, घटस्फोट झालेला. आम्ही पद्मशाली, ते लिंगायत. लग्न केलं तर पेन्शन जाईल का? देवळात हार घालून नोंदणी न करता राहिलो तर चालेल का? (पूर्व भाग)

उत्तर : १९९५ च्या पेन्शन योजनेत विधवेची पेन्शन तिच्या पुनर्विवाहापर्यंतच असते. लग्न झालं की ती बंद होते. पण तुम्ही विड्या वळता आणि तुमचा स्वतःचा पीएफ कापला जात असेल, तर तुमच्या नावची पेन्शन वेगळी. तिला लग्नानं काही होत नाही. आधी पासबुक घेऊन पीएफ कार्यालयात दोन्ही खाती कोणती, ते नीट समजून घ्या. पुष्कळ बायका दोन्ही पेन्शन एकच समजून घाबरतात.

मालकांची पेन्शन किती येते ते बघा. या योजनेतली किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे. तेवढ्यासाठी लग्न अडवायचं की नाही, ते दोघांनी पैसा मांडून ठरवा : त्यांची कमाई किती, घर कुणाचं, आजारपणाचं काय. लग्न लपवून पेन्शन घेऊ नका. पुनर्विवाह केला नसल्याचं लिहून द्यावं लागतं. खोटं निघालं तर घेतलेले पैसे वसूल होतात. आणि रीतसर विधी झाले असतील तर नोंदणी नाही म्हणून ते लग्न नाही, असं होत नाही. तेव्हा हार घालून गप्प राहण्यात पेन्शनचीही शाश्वती नाही आणि पत्नी म्हणून हक्क सिद्ध करायलाही कागद नाही. हा सगळ्यात वाईट रस्ता आहे.

लग्न न करता उघडपणे एकत्र राहता येतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही आहे. पण त्यांच्या मागे त्यांच्या घरात किंवा ठेवींत तुम्हाला वारसाहक्क आपोआप मिळणार नाही. त्यासाठी त्यांनी मृत्युपत्र करायला हवं.

लग्नच करायचं ठरलं तर जात आडवी येत नाही. पद्मशाली आणि लिंगायत दोघांनाही हिंदू विवाह कायदा लागू आहे. विधी करून महापालिकेत नोंदणी करा. त्याआधी त्यांचा घटस्फोटाचा हुकूमनामा स्वतः बघा आणि अपिलाची मुदत संपलीय ना, हे वकिलाकडून तपासा. नोंदणी पद्धतीनं म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं करायचं असेल, तर दोघांपैकी एकानं नोटिशीच्या आधी किमान ३० दिवस जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. नोटीस कार्यालयात लागते, ३० दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस उघड असते, म्हणून घरच्यांना ती लागायच्या आधी तुमच्या तोंडून कळू द्या. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : वडील ६९ वर्षांचे, लग्न करायचं म्हणतात. त्या बाई चांगल्या आहेत. पण होटगी रोडचं घर आईनं आणि बाबांनी पै-पै साठवून बांधलं, तिचे दागिने घरात आहेत. आम्हा बहीण-भावांना घराचं काय होईल याची काळजी वाटते आणि हे बोलायलाही लाज वाटते. (मुलगी, सोलापूर)

उत्तर : लाज बाजूला ठेवा. ही काळजी लग्नाआधी बोलली गेली तर मिटते; नंतर बोलली तर भांडण होतं. आधी घर कुणाच्या नावावर आहे ते बघा. आईचंही नाव असेल तर तिच्या हिश्श्यात तिच्या मृत्यूनंतरच बाबा आणि तुम्ही दोघं वारस झालात. तो हिस्सा आत्ताच नोंदवून घ्या. बाबांचं स्वकमाईचं जे असेल, ते मृत्युपत्र नसताना नवी पत्नी, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखं वाटलं जातं (आजी हयात असतील तर त्याही). म्हणजे तुमची शंका खरी आहे. त्यावर उपाय लग्न मोडण्याचा नाही, कागद करण्याचा आहे.

बाबांनी मृत्युपत्र करावं : घर मुलांना, त्या बाईंना हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क, आणि त्यांच्या खर्चापुरती स्वतंत्र ठेव त्यांच्याच नावे. ‘राहू द्यावे’ असं मोघम लिहू नका. कोणत्या खोल्या, घरपट्टी-पाणीपट्टी कोण भरणार, त्यांना दुसरीकडे राहावंसं वाटलं तर काय, हे लिहा. ही वाक्यरचना दिवाणी काम करणाऱ्या वकिलाकडूनच करून घ्या. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मुळे बाईला पोटगीच्या हक्कापोटी दिलेला हयातीचा हक्क पुढे पूर्ण मालकी ठरू शकतो, आणि नेमका तिथेच दावा उभा राहतो. दोन साक्षीदार लागतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवा. मृत्युपत्र बाबांना कधीही बदलता येतं, हेही मान्य करून चाला.

काही घरांत मुलं घाईनं बक्षीसपत्र करून घेतात. ते करू नका. बक्षीसपत्र झालं की घर बाबांचं राहत नाही आणि म्हाताऱ्या माणसाची घरातली किंमत त्या दिवसापासून बदलते. तसं झालंच आणि सांभाळण्याची अट पाळली गेली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणात दाद मागता येते, पण ती अट कागदावर असणं फार महत्त्वाचं.

दागिन्यांचं सोपं आहे. लग्नाआधी एका दुपारी सगळ्यांनी बसून यादी करा आणि आईच्या इच्छेप्रमाणे वाटून टाका. आईचा फोटो कुठे राहील, तिचं श्राद्ध कोण करील, हे त्या नव्या बाईंसमोरच बोला. ज्या घरात हे बोललं जात नाही, तिथे पहिल्याच पितृपक्षात ठिणगी पडते. आणि त्या बाईंनाही मुलं असतील, तर असंच मृत्युपत्र त्यांनीही करावं. त्यांची बाजू कुणी विचारतच नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी साठाव्या वर्षी लग्न केलं. आता यांना वाटतं मी मंडळाचं काम सोडून घरी बसावं. (अक्कलकोट रोड)

उत्तर : सोडू नका. दोघंच एकमेकांना पुरेसे होऊ म्हटलं की एक आजारी पडल्यावर दुसऱ्याला धरायला कुणीच उरत नाही. पण यांचं एकटेपणही खोटं नसेल. आठवड्याचे वार ठरवा : मंडळाचे तीन, घराचे दोन, त्या दिवशी दुपार-संध्याकाळ पूर्ण घरी, आणि एक काम दोघांचं मिळून. ते तुमच्या मंडळातलं नको, तिथे ते ‘मॅडमचे मिस्टर’ होतील. दोघांनाही नवं असलेलं घ्या. घरच्या वारी मंडळाचा फोन घ्यायचा नाही. हे तुम्ही पाळलंत की त्यांचा अर्धा राग जाईल. तरीही बाहेर जाण्यावरून शिवीगाळ, पैसे अडवणं, फोन तपासणं सुरू असेल तर तो वेगळा विषय आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर बोला.

प्रश्न : मधुमेह आहे, मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. पुढच्या महिन्यात लग्न आहे. शरीरसंबंधाबद्दल डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो. (वय ६४)

उत्तर : विचाराच, कारण एक धोका खरा आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी किंवा तशा नायट्रेट गटातलं कोणतंही औषध चालू असेल, तर ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. ती गोळी दुकानातून परस्पर आणू नका. दोन जिने दम न लागता, छातीत न दुखता चढता येत असतील तर बहुधा हरकत नसते, पण शेवटचा शब्द हृदयरोगतज्ज्ञांचा. मधुमेहानं आणि रक्तदाबाच्या काही औषधांनी ताठरता कमी होते. त्यात तुमचा दोष नाही. बाईंना पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणानं दुखतं, त्यासाठी पाण्यावर आधारित वंगण मिळतं. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नका, रबर फाटतं. लग्नाआधी दोघांनीही एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी तपासून घ्या. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात मोफत होते.

प्रश्न : फेसबुकवर परदेशातल्या एका डॉक्टरांशी ओळख झाली. अनाथाश्रमासाठी देणगी पाठवलीय म्हणाले, ती कस्टमने अडवली आहे. सोडवायला ४८,००० रुपये भरले, आता आणखी मागतात. (वय ६३, बार्शी)

उत्तर : आणखी एक रुपयाही भरू नका. ही ठरलेली फसवणूक आहे. समाजकार्य करणाऱ्यांना मुद्दाम देणगीचं आमिष दाखवतात, कारण स्वतःसाठी पैसे न घेणारी माणसं संस्थेसाठी तयार होतात. आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. फोनवर व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम विचारतील, ते हाताशी ठेवा. आपल्या बँकेतही लेखी तक्रार देऊन पोच घ्या. चॅट रागानं पुसू नका, तोच पुरावा आहे; स्क्रीनशॉट काढून मग त्यांना ब्लॉक करा. काही दिवसांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणून वकील किंवा पोलिस असल्याचं सांगणारा फोन येईल. तो त्याच टोळीचा असतो, त्यालाही शुल्क भरू नका. पोलिस ठाण्यात जाताना पासबुकाची प्रत आणि १९३० वरून मिळालेला तक्रार क्रमांक बरोबर न्या, आणि एकट्या जाऊ नका. विश्वासातल्या कुणाला तरी सांगून सोबत घ्या.